पावलूला हाक

"...पण फादर, 'पावलू' म्हणजे शेवटी 'लहान'च ना? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तोच ना?"

"तोच," फादर लोपीस म्हणाले. "मीच शिकवलाय तुला."

सेमिनरीत सायमन फादरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. पुढे धर्मगुरू काही झाला नाही, प्राध्यापक झाला. लॅटिन मात्र पक्कं राहिलं, आणि खरं सांगायचं तर थोडं डोक्यातही गेलं.

उद्या त्याच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा होता. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, ही त्यांच्या वसईच्या घरातली जुनी रीत. आणि आजोबांचं नाव पावलू.

"माझ्या मुलानं जन्मभर 'लहान' म्हणून मिरवायचं? मी 'मॅग्नस' ठेवणार, फादर. म्हणजे महान."

"बाबांना सांगितलंस?"

सायमननं दाराकडे पाहिलं.

बाबा बाहेर बाकावरच बसले होते. "मीही येतो" म्हणून हट्टानं आले होते. वाडीतल्या केळ्यांची फणी फादरांसाठी मांडीवर धरून ठेवली होती.

"बोला मोकळेपणी," सायमन म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही. दहादा 'बाबा, बाबा' करावं तेव्हा एकदा वळून बघतात."

"नावानं कोण हाक मारतं तुझ्या बाबांना?" फादरांनी विचारलं.

"नावानं? आम्ही कशी मारणार? आई 'अहो' म्हणायची. थोरली आत्या मारायची नावानं. ती गेल्या उपवासकाळात वारली."

"आणि आता?"

"आता..." सायमन अडखळला. "आता कोणीच नाही."

फादर काठी टेकत उठले आणि दारात गेले. पावलू आणि ते लहानपणी शाळेत एका बाकावर बसायचे. पण मधली चाळीस वर्षं फादरांची परगावी गेली होती.

"पावलू!"

म्हातारा ताडकन उठला. केळी खाली पडली.

"आलो, आलो!"

मग हाक कोणी मारली ते शोधत इकडेतिकडे बघू लागला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

सायमनचे डोळे भरून आले. लपवायचं कशाला, फादरांचेही आले.

"फादर, मग उद्या..."

"उद्या मी मुलाचं नाव विचारीन," फादर म्हणाले. "तेव्हा जरा मोठ्यानं सांग. तुझ्या बाबांना कमी ऐकू येतं."