दोन जावा आणि धाकूची कंबर

समुद्रकाठच्या एका गावात दोन जावा राहत होत्या. थोरली नलिनी, धाकटी कुंदा. दोघी शहरातून पिलाटीज नावाचा व्यायाम शिकून आल्या होत्या. पोट, कंबर आणि श्वास सांभाळून सावकाश करायचा हा व्यायाम. पण दोघींची रीत वेगळी. कुंदा जमिनीवर चटई अंथरून शिकवायची. तिथे आपलेच वजन आपण पेलायचे, आणि व्यायामांचा क्रम सगळ्यांना एकच. नलिनीकडे घसरत्या पाटाचे यंत्र होते. त्याच्या स्प्रिंगा कधी जोर लावून ओढाव्या लागायच्या, तर कधी त्याच स्प्रिंगा माणसाचे वजन पेलायच्या. ती माणूस पाहून क्रम बदलायची.

खरी रीत कोणाची, यावरून एकदा भांडण झाले. घरात मधोमध भिंत आली. दोन वर्षे दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

त्या गावात धाकू नावाचा पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडायचे, हे त्याचे काम. एकदा उतरताना तो घसरला आणि कंबर धरली. दवाखान्यात सांगितले, हाड शाबूत आहे, पण स्नायू दुबळे झालेत. हळूहळू व्यायाम करा, तोवर माड बंद.

धाकूची मुलगी शेवंती त्याच्या जागी माडावर चढू लागली. तिला लहानपणापासूनची सवय नव्हती. ती वर असली की धाकूला खाली उभे राहवत नसे, आणि घरी बसवतही नसे.

तो कुंदाकडे आला. म्हणाला, "वैनी, मला लवकर वर जायचंय. पोरगी पडेल हो."

"पलीकडे यंत्र आहे. तिकडे नाही गेलात?" कुंदाने विचारले.

"स्प्रिंगांचा टेकू लुळ्यांना लागतो. आम्ही उघड्या हातापायांनी माड चढलेली माणसं!"

भिंत पातळ होती. हे पलीकडे ऐकू गेले असणार, या विचाराने कुंदाला बरे वाटले. तिने चटई अंथरली.

पाठीवर झोपून दोन्ही पाय उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे होते. धाकूने पाय उचलले. त्याची कंबर चटईपासून सुटून कमानीसारखी वर आली. कुंदाने खालून हात घातला, तो आरपार गेला. हे याच्या कामाचे नाही, हे तिला त्याच क्षणी कळले.

पण ती बोलली नाही. उद्या सांगू, असे तिने ठरवले.

उद्याचा महिना झाला. धाकू रोज यायचा. त्याने पाय उचलले की कुंदाचे लक्ष त्याच्या कमरेखालच्या पोकळीकडे जायचे. ती त्याच्या तोंडाकडे बघायची. तो ओठ दाबून हसायचा आणि म्हणायचा, "मस्त चाललंय." तिला माहीत होते, हा खोटे बोलतोय. आपणही त्याच्याशी खोटेच वागतोय, हेही तिला माहीत होते.

एके दिवशी शेवंतीचा पाय माडावरून सटकला. ती खोडाला मिठी मारून राहिली म्हणून वाचली. छाती आणि हात सोलून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू भिंत धरत धरत आला. दारात थांबला. त्याला पायातली चप्पल काढता येईना.

"काल घरीच चाळीसदा केलं," तो म्हणाला. "आज दुप्पट घ्या, वैनी. मला वेळ नाही."

कुंदाने चटई गुंडाळून ठेवली. "धाकूभाऊ, आता एकदाही नाही. हा व्यायाम चांगला आहे, पण आज तुमच्यासाठी नाही. यानं तुमची कंबर मोडेल. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग महिनाभर का गप्प राहिलात?"

"सांगितलं असतं, तर पलीकडचं दार दाखवावं लागलं असतं."

तिने त्याचा दंड धरला, त्याला भिंतीला वळसा घालून नेले आणि थोरलीची कडी वाजवली.

नलिनीने दार उघडले. "काय गं, वाट चुकलीस?"

"नाही, जाऊबाई. हे तुमच्याकडचे. मीच महिनाभर अडवून ठेवले."

नलिनीच्या जिभेवर दोन वर्षांचे साठलेले होते. पण तिची नजर धाकूच्या वाकलेल्या कमरेवर गेली. "आत आण आधी. टोमणे मारायला अख्खी दुपार पडलीय."

तिने धाकूला यंत्राच्या पाटावर निजवले. एकच पाय पट्ट्यात अडकवला. पायाचे वजन स्प्रिंगेने पेलले. पाय हळूच वर गेला, हळूच खाली आला. कंबर हलली नाही.

"दुखलं नाही," धाकू कुजबुजला. कमरेला ऐकू गेले तर ती पुन्हा दुखेल, अशी त्याला भीती वाटत होती.

त्याने शेवंतीला उंच माडांवर चढायला बंदी केली. त्या हंगामात बागवाल्यांनी दुसरा पाडेली आणला. धाकूच्या ते मनाला फार लागले, पण तो रोज यंत्रावर येत राहिला. नलिनी आधाराची एकेक स्प्रिंग कमी करत गेली. तीन महिन्यांनी ती म्हणाली, "माझं काम संपलं. आता आधाराशिवाय शिकायचं. ते कुंदाकडे."

"पुन्हा त्या चटईवर?" धाकू घाबरला.

"तेव्हा ती तुम्हाला झेपत नव्हती. आता झेपेल."

आणि झेपली. तरी कुंदाने त्याला आणखी दोन महिने झाडाला हात लावू दिला नाही.

मग एका सकाळी धाकू एका बुटक्या माडावर चढला. दोघी जावा खाली एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. मध्येच तो थांबला.

"जाऊबाई, लवकर पाठवला का हो आपण?"

"गप्प बस. मलाच घाम फुटलाय."

तेवढ्यात वरून धाकू ओरडला, "अहो मास्तरीणबाई, बाजूला व्हा दोघी! नारळ पाडायचाय, डोक्यात घालायचा नाहीये!"

तात्पर्य: व्यायामाच्या रीती अनेक असतात; कोणती, कोणाला आणि कधी, हे करणाऱ्याच्या शरीराकडे पाहून ठरवावे. आणि आपली रीत समोरच्याच्या कामाची नाही हे ज्याला कळते, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगावे, मग दुसऱ्याचे दार दाखवावे लागले तरी चालेल.