हेडमास्तर कोणावरून?

मंडळी, विश्वास कोणावर ठेवाल, पाटीवरच्या नावावर की पाटीमागे राबणाऱ्यावर?

शाल्मली टिपणीसने लिहिलेली, अचाट शक्तीच्या शाळकरी पोरांची कडवट विनोदी मालिका गाजली. दुसऱ्या पर्वात निर्माते बोंद्रेसाहेबांनीही लेखणी उचलली. आठांपैकी चार भाग झकास निघाले, चार साफ आडवे झाले. वाहिनीच्या मोठ्या बाईंनी भर बैठकीत विचारलं, "कुठले कोणाचे?"

बोंद्रे बिनदिक्कत म्हणाले, "ज्यांत पोरांच्या वह्या चोरून त्यांवर स्वतःचं नाव घालणारा हेडमास्तर आहे ना, ते चारही झकास भाग आपले. पडलेले या पोरीचे."

आपलं नाव पुसलं जातंय हे शाल्मलीला कळलं. ती गोड आवाजात म्हणाली, "साहेब, हेडमास्तर हुबेहूब उतरलाय हो! मी लिहिला असता तर तुमच्यावरून लिहिला असता. तुम्ही कोणावरून लिहिलात?"

बैठक खो खो हसली. बोंद्रे घाईघाईने चष्मा पुसू लागले. बाईंनी त्या चार भागांवर शाल्मलीचं नाव घातलं.

तिसऱ्या पर्वाला मात्र बोंद्र्यांनी तिला बोलावलंच नाही. हेडमास्तर तेवढा ठेवून घेतला.

तेव्हा ते पर्व बघाल, तर कुठे हसलात आणि कोणाच्या जिवावर हसलात, एवढा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा.