तीन पेडांचा दोर

आडात पाणी होते आणि पोहऱ्यात येत नव्हते, याला जबाबदार सुंभ. साखळीला नावे ठेवणारे खुशाल ठेवोत. ती साखळीसारखीच वागली.

त्या मुलखात घागरी ज्याला हाक मारत तो रहाटावर चढे आणि पाणी काढी. ऐन उमेदीत सुंभ एकटा तळापर्यंत जात असे. आता तो जागोजागी विरला होता, पण स्वतःविषयी सांगताना अजून सबंध असे. म्हाताऱ्यांच्या आठवणी झिजत नाहीत. झिजतात त्यांच्या भरवशावर बसलेले.

मग लोखंडी साखळी आली. तिने पाणी काढले, पण आधी तांब्याच्या हंड्यांना, मग पितळी कळशांना. मातीच्या घागरींपर्यंत पोहरा येई तेव्हा त्यात गाळ उरलेला असे. साखळीचा फटका बसून एखादी फुटली तर ती म्हणे, कच्चीच होती.

तेव्हा काठाचा टवका उडालेली एक काळी घागर सुंभाकडे आली. बरोबर सूत आणि अंबाडी होती. सुंभाने आधी विचारले, या दोघांचे इथे काय काम? सुताचा जन्म देवापुढच्या वातीत गेला, आणि अंबाडी तर परवापर्यंत बांधावर डुलत होती.

"सुंभराव, खरं सांगू? तुमच्यातलं एकही मला पसंत नाही," घागर म्हणाली. "तुम्ही टोचता, सूत भिजलं की जड होतं, आणि हिचं अजून काहीच माहीत नाही. पण एकेकटे गेलात तर तुटाल. एकत्र वळलात तर माझ्या बोळक्यांना पाणी मिळेल. मला तुमचं लग्न नाही लावायचं."

"आणि माझा पीळ?"

"तो सोडूच नका, काका," अंबाडी म्हणाली. "ज्यानं त्यानं आपला पीळ ठेवायचा, आणि तिघांनी मिळून उलट्या अंगानं वळायचं. मग एक जण उलगडायला गेला तरी बाकीच्यांत आवळला जातो."

इतके आयुष्य रहाटावर काढून ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, हे सुंभाला झोंबले. पण दोर वळला गेला. पोहरा तळाला टेकला, भरून वर आला आणि पहिल्यांदा बोळक्यांपुढे रिता झाला. विरलेल्या जागी सुंभाला ताण जाणवला नाही. तिथे सूत होते.

तृप्त झालेले एक बोळके म्हणाले, "अंबाडीचा दोर चांगला आहे."

अंबाडी सर्वांत लांब होती, म्हणून पोहऱ्याची गाठ तिच्या टोकाची. गाठीवरून नाव पडले. सुंभाला ते कुसळासारखे रुतले. पाणी आले की तो पाण्याकडे पाहत नसे, घागरी कोणाकडे पाहतात ते पाहत असे. अंबाडीने आपणहून सांगितले, काका, तुमचं नाव लावू, मी सांगते त्यांना. तेव्हा तर त्याचा तिळपापड झाला. काल उगवलेल्या पोरीने दिलेले नाव घ्यायचे?

एका दुपारी भरला पोहरा वर येत असताना सुंभाने ठरवले की जरा सैल व्हावे. फार नाही, जरा. म्हणजे वजन कोण पेलते ते कळेल. अंग आवळले जाण्याआधीच तो हिसका देऊन बाहेर पडला. सूत तुटले. मग अंबाडी. पोहरा खाली आदळल्याचा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

सुंभ रहाटावर एकटा लोंबत होता. त्याला क्षणभर बरे वाटले.

"आता कोणाचा दोर?" त्याने विचारले.

काळी घागर बोळक्यांना घेऊन साखळीपुढच्या रांगेत, हंड्यांच्या मागे, उभी राहिली होती.

साखळीने पोहरा काढला. पुढे तिने आडावर झाकण घातले, त्याला वेढे देऊन स्वतः बसली आणि पहाऱ्यावर चिलीम ठेवली. चिलमीला सारखा विस्तव लागे, म्हणून सुंभाचे टोक पेटवून त्याला झाकणाशेजारी टांगले. येणाऱ्याजाणाऱ्या हंड्यांना तो धुमसत सांगे, एके काळी मी एकटा तळापर्यंत जात असे. खाली पडलेल्या राखेत पीळ जसाच्या तसा दिसे.

सुंभ वीतभर उरला.