सटवाजीची शिरगणती

"बाराशे मुलं? महाराज, राज्यात एवढी डोकी असती तर माझा वस्तरा एव्हाना झिजून सुई झाला असता!"

सटवाजी न्हावी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण आता काय उपयोग! चंदनपूरच्या हंबीरराजाचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि महाराज तसेच ताडकन उठून उभे राहिले.

राजाने राज्यात बारा पाठशाळा काढल्या होत्या. दर शाळेच्या पटावर शंभर मुलं. दर मुलामागे सरकारी कोठारातून रोज शेरभर दूध आणि पसाभर तांदूळ जात. या सगळ्यावर अधिकारी होते नारोपंत. खुद्द राजा रोज एक याप्रमाणे बाराही शाळा पाहून आला होता, आणि प्रत्येक शाळा खच्चून भरलेली!

"मी या डोळ्यांनी पाहिलंय," राजा गरजला. "आणि ज्याला धड हजामत करता येत नाही, तो मला शहाणपण शिकवतोय!"

यात खोटं काहीच नव्हतं. सटवाजी राजाचा न्हावी होता तो वाडवडिलांच्या हक्काने, हाताच्या गुणाने नव्हे. त्याची बायकोसुद्धा माहेरच्यांना सांगे, "डोकं करायचं तर वाटेतल्या गावीच करून या."

"शहाणपण माझ्याकडे कुठलं, महाराज! मी आपला जाता-येता डोकी बघतो. पोरांची शंभर-सव्वाशेच्या वर कधी भरली नाहीत."

"मग मोजून दाखव! बारा दिवसांत!"

नारोपंत शेजारीच उभे होते. ते गोड हसले. "अवश्य मोजू दे, महाराज. फक्त पटाला हात लावायचा नाही. पंतोजींना प्रश्न विचारायचे नाहीत. मुलांना तर मुळीच नाही, अभ्यास बुडतो!"

"मंजूर!" राजा म्हणाला. राजा एकदा हट्टाला पेटला की ऐकतो कुणाचं? "आणि सटवाजी, खोटा ठरलास तर बायकापोरांसकट राज्याबाहेर!"

आपल्या या जिभेलाच आधी वस्तरा लावायला हवा होता, असं सटवाजीला वाटलं.

"महाराज, मग माझंही थोडं ऐका. या बारा दिवसांत मी घरची भाकरी खाईन आणि जे सांगायचं ते फक्त तुम्हाला सांगेन. आधीचे तपासनीस पंतांकडे जेवले. श्रीखंड खाल्लेल्या तोंडातून खरं बाहेर पडत नाही."

"बरं. अजून?"

"उन्हाळा आहे, पोरांच्या डोक्यांत उवा झाल्यात. रोज एका शाळेत सगळ्यांचे गोटे करायची आज्ञा द्या. फुकट!"

राजा हसला. पंत तर पोट धरून हसले. हजामत फक्त मुलांची होणार, अशी त्यांची समजूत होती.

पहिल्या शाळेत शंभर मुलं ओळीने बसली होती. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सटवाजीने शंभर गोटे केले. हात सुजून भोपळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत पाहतो तर काय, शंभर गोटे उन्हात चमकत बसलेले! प्रश्न विचारायला बंदी, म्हणून सटवाजी नुसता बघत उभा राहिला. तेवढ्यानेच पंतोजींना घाम फुटला.

"आमच्या विहिरीचं पाणी फार वाईट हो," ते आपणहून म्हणाले. "केस गळतात!"

"खरंय," सटवाजी म्हणाला. "शेंडी तेवढी शिल्लक ठेवते. विहीर मोठी धार्मिक!"

तिसऱ्या शाळेत मात्र सगळी डोकी काळीभोर होती. सटवाजीने पहिल्याच डोक्यावर पाणी शिंपडलं आणि पोराच्या कपाळावरून काळा ओघळ नाकापर्यंत आला. काजळ! सटवाजी खो खो हसला. मग पोरांकडे पाहून त्याचं हसू विरलं. पहाटेपासून दोन कोस धावत आलेली, ओठ वाळलेली पोरं. यांच्या नावाने बारा शाळांतून दूध निघत होतं आणि यांना घोटभर मिळत नव्हतं. त्याचं रक्त उसळलं. त्याने थेट राजालाच बोलावणं धाडलं.

राजा आला, मागोमाग पंतही आले.

"महाराज, मुलांना बोडकं बसायची लाज वाटली, म्हणून काजळ लावलं," पंत म्हणाले. "या शाळेचे गोटे आम्ही गावोगावचे न्हावी आणून आधीच करून घेतले होते. ही मुलं वेगळी, पहिल्या शाळेतली वेगळी. गोट्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

राजा सटवाजीकडे वळला. "बोल! नाहीतर बांध गाठोडं!"

सटवाजीने मान खाली घातली. "सांगायला लाज वाटते, महाराज. पण लिहिलेलं असतं."

त्याने पहिल्या पोराचा उजवा कान मुडपला. कानामागे मुगाएवढा केसांचा पुंजका! दुसऱ्याचा मुडपला, तिथेही पुंजका. तिसऱ्याचा, दहाव्याचा, शंभराव्याचा, सगळ्यांना तोच पुंजका, त्याच जागी!

"तीस वर्षं झाली, महाराज, तिथे माझा वस्तरा पोचतच नाही. बापाने मारून पाहिलं, सासऱ्याने शिकवून पाहिलं. पंत, दुसऱ्या न्हाव्यांनी गोटे केले म्हणता? अहो, इतका नालायक न्हावी या राज्यात एकच आहे, आणि तो मी!"

राजाचा हात हळूच पगडीखाली, उजव्या कानामागे गेला आणि तिथेच थांबला.

"सटवाजी... हा कधीपासून?"

"आपल्या राज्याभिषेकापासून, महाराज."

राजा असा हसला की पगडी निसटून खाली पडली! "बारा शाळा पाहिल्या म्हणून मिरवत होतो, आणि बारा वेळा हीच शंभर पोरं पाहून आलो! माझ्याच कानामागचं मला दिसलं नाही!"

राजाने कोठाराच्या किल्ल्या पंतांकडून तिथल्या तिथे काढून घेतल्या आणि पोरांसाठी दुधाचे हंडे आणवले. सटवाजीला एक गाव इनाम दिलं. वर बाराही शाळांचा तपासनीस नेमलं.

"पण महाराज," सटवाजी हात जोडून म्हणाला, "तपासनीस कुणाचा मिंधा नसावा. आणि मी तर आपल्याच पदरचा न्हावी!"

"अगदी बरोबर!" राजा डोळे पुसत म्हणाला. "तेव्हा राज्याच्या भल्यासाठी हुकूम ऐक. आजपासून माझ्या डोक्याला तू वस्तरा लावायचा नाहीस!"