ठमाईची पट्टी

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही जी नुसती ऐकून ठाऊक होती, त्या ठमाईची ही गोष्ट. तेव्हा पांढरकड्याखाली धनगरांची सात घरं होती. शेवटच्या घरात ठमाई आणि तिच्या वीस शेळ्या राहायच्या. वर कारवीचं दाट रान होतं आणि त्या रानात सापही फार. वर जाताना ठमाई काठी आपटायची आणि म्हणायची, "सरा बाबांनो, म्या आले." मग पाचोळा सळसळायचा आणि वाट मोकळी व्हायची, असं म्हणतात.

उन्हाळ्यात तेव्हा सगळेच वाळलं गवत पेटवून द्यायचे. पावसात कोवळं गवत जोमानं येतं, असा समज होता. एका वर्षी ठमाईनंही पेटवलं. दुपारी वारा फिरला आणि आग कारवीत शिरली. डोंगर तीन दिवस जळत होता.

साप खाली उतरले. धामणी, घोणस, हिरवे चापडे. मातीतून सहसा वर न येणारे खापरखवलेसुद्धा. लोक काठ्या घेऊन धावले. ठमाई वाटेत आडवी उभी राहिली.

तिचा दीर भागोजी म्हणाला, "वहिनी, बाजूला व्हा. घरात पोरं हायेत."

"त्येंचं घर जळलंय, भावजी," ती म्हणाली. "आन ते म्या जाळलंय."

भागोजीनं काठी टाकून दिली. साप तिच्या पायांवरून ओढ्यापलीकडं निघून गेले. एकानंही तिला दंश केला नाही, असं म्हणतात.

गेले ते गेलेच. पाऊस आला, गवत आलं, साप आले नाहीत. उघड्या उतारावरची माती वाहून गेली होती, कपारींत ओल उरली नव्हती. दोन वर्षं उंदरांनी नाचणी खाल्ली. ठमाई रोज वर जायची, काठी आपटायची, "सरा बाबांनो" म्हणायची आणि कान देऊन थांबायची. काहीच सळसळायचं नाही. तिचा जीव तुटायचा.

मग तिनं विळा घेतला. रानाभोवती चार हात रुंदीची पट्टी कापून तिनं उघडी केली, म्हणजे आगीला पलीकडं जायला काही मिळू नये. डोंगराला वळसा पुरा व्हायला सात वर्षं लागली. वणवा त्या पट्टीशी येऊन गुडघे टेकायचा, असं म्हणतात.

वळसा पुरा झाला त्या वर्षी कारवी जांभळी फुलली. एका दगडाआड ठमाईला सापाची कात दिसली, ताजी, ओलसर. तिनं ती उचलली नाही. आज ना उद्या साप दिसेल, म्हणून ती तिथंच बसून राहिली. भागोजी शोधत आला तेव्हा दगड होता, कात होती, ठमाई नव्हती. ओढ्यापलीकडं ती त्यांना बोलवायला गेली, असं म्हणतात.

अजूनही गवत वाळायला लागलं की घरटी एक माणूस विळा घेऊन वर जातं आणि पट्टी साफ करतं. काम झाल्यावर सगळे उतरतात, एक बाई तेवढी मागं थांबते. ठमाईच्या नावानं ती ऊन कलेपर्यंत रानाकडं बघत बसते. खाली आल्यावर काही दिसलं का, असं तिला कुणी विचारत नाही.