कोणाचा रे हा?

“मग कैदी का वाढतात, बाबा? नवा तुरुंग बांधावा, तर तोही बघता बघता भरतो. का?”

लतीफबाबा रांजणात पाणी ओतत होते. ओतून झालं तेव्हा म्हणाले, “तुम्ही न्यायाधीश होतात. तुम्हाला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. पण तुमच्याकडून ऐकायचंय.”

“ठाऊक असलेलं पुन्हा कशाला ऐकायचं, साहेब?”

दिगंबरराव चिटणीसांशी असं कोणी बोलत नसे. निवृत्त झाले तरी त्यांचा दरारा होता. देशातले तुरुंग का फुगत चाललेत हे शोधायला सरकारने समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष म्हणून दुसरं नावच पुढे आलं नाही. जिल्हा कारागृहाच्या फाटकासमोर कडुलिंबाखालच्या तकियात, फकिरांच्या उघड्या ओट्यावर, एक म्हातारा फकीर राहतो, सुटून येणारा प्रत्येक माणूस त्याने पाहिलेला असतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणून साहेब सकाळी सकाळी सरकारी गाडीतून तिथे येऊन उभे राहिले.

निदान ड्रायव्हरला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

खरी गोष्ट अशी, की त्या सकाळी त्यांचा मुलगा सुटणार होता.

अमेय. एकुलता एक. दारू पिऊन गाडी चालवली आणि रस्त्याकडेच्या एका माणसाला कायमचं जायबंदी केलं. शिक्षा झाली तेव्हा पत्रकारांनी दिगंबररावांना गाठलं होतं. “कायद्यापुढे मुलगा नसतो,” ते म्हणाले होते. वाक्य गाजलं. सत्कार झाले. त्यांतल्या शालींनी घरातलं एक कपाट भरलं. त्यानंतर असं वाक्य बोललेल्या माणसाने मुलाच्या भेटीला जायचं कसं, हा प्रश्न उरला, आणि त्यांनी तो न जाऊनच सोडवला. अमेयची आई जायची. गेल्या वर्षी ती वारली. आता त्या मोठ्या घरात दिगंबरराव एकटेच जेवत, आणि जेवताना रेडिओ मोठा लावत.

काल त्यांनी वरची खोली स्वतःच्या हातांनी झाडून घेतली होती. गादीवर धुतलेली चादर घातली होती. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

“ठीक आहे, मीच सांगतो,” ते म्हणाले. “गुन्हे वाढले. कायदे कडक झाले. खटले रेंगाळतात...”

“खरं आहे.”

“आत आहेत त्यांतल्या कितीतरी जणांचा अजून निकालच लागलेला नाही. जामीन मंजूर होतो, पण जामीन राहायला माणूस मिळत नाही.”

“तेही खरं.”

“मग झालं तर! सगळंच खरं असेल तर मी इथे आलो कशाला?”

बाबा हसले. “तेच विचारणार होतो.”

दिगंबररावांनी नजर फाटकाकडे वळवली.

“तुम्ही मूळचे कुठले?” काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

बाबांनी फाटकाकडे बोट केलं. “तिथला.”

“म्हणजे... कैदी होतात?”

“होतो. सुटलो तेव्हा समोर कोणी नव्हतं. कुठे जायचं ते सुचेना. इथे सावली होती, बसलो.”

“आणि?”

“अजून बसलोय.”

...

फाटकातला लहान दरवाजा उघडला. हवालदाराने एक नाव पुकारलं आणि एक तरणा पोरगा वाकून बाहेर आला. अंगावर पकडताना होता तोच शर्ट, आता आखूड झालेला. त्याने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मग उगाच शर्टाची बाही खाली ओढली.

लतीफबाबा उठून उभे राहिले. साहेबांसाठी ते उठले नव्हते, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि थोडं लागलंही.

“कोणाचा रे हा?” बाबांनी मोठ्याने हाक दिली.

त्या फाटकासमोरचा हा जुना रिवाज होता. जो सुटला त्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही. घ्यायला आलेल्यांपैकी कोणीतरी “आमचा!” म्हणून पुढे व्हायचं, मग त्याने पाणी पिऊन घरची वाट धरायची.

कोणी बोललं नाही. रस्त्यावरून एक म्हैस गेली.

“माझा,” बाबा म्हणाले आणि तांब्या पुढे केला. पोरगा पाणी प्यायला. तोंड पुसून तिथेच उभा राहिला.

पलीकडे एक जीप उभी होती. तिच्यातून पांढरा सदरा घातलेला एक माणूस उतरला. “आमचा आहे, आमचा!” तो लांबूनच हसत म्हणाला. “ये भावा. चहा घेऊ आधी.”

पोराचा चेहरा असा काही खुलला, की दिगंबररावांना बघवेना. पोरगा जाऊन जीपमध्ये बसला.

“कोण हा?”

“किसनभाऊ. दारू पोचवायची, धमक्या द्यायच्या, कोणाचे हातपाय मोडायचे, असली कामं असतात त्याच्याकडे. त्याला माणसं लागतात.”

“आणि हा इथे राजरोस उभा राहतो?”

“रोज. ऊन असो, पाऊस असो. कधी चुकला नाही.”

“पोलीस पकडत का नाहीत त्याला?”

“काय म्हणून, साहेब? चहा पाजला म्हणून?”

दिगंबरराव चिडून म्हणाले, “तुम्ही ‘माझा’ म्हणालात ना? मग जाऊ का दिलंत?”

“फकिराचा असून काय करणार तो? माझ्याकडे ना दार, ना चूल. माझा म्हणजे तांब्याभर पाण्यापुरता.” बाबांनी तांब्या पालथा घातला. “आत नेताना याच्यामागे अर्धी आळी आली होती, भांडत, ओरडत. तेव्हाही मी इथेच होतो.”

...

दरवाजा पुन्हा उघडला.

“अमेय दिगंबर चिटणीस!”

फाटकातून आलेला माणूस दिगंबररावांच्या आठवणीतल्या मुलापेक्षा बारीक होता, आणि कानांजवळ पिकला होता. हातात बोचकं. त्याने उजवीकडे, डावीकडे कुठेच पाहिलं नाही. घ्यायला कोणी येणार नाही हे त्याने आधीच गृहीत धरलं असावं.

मग समोर कडुलिंबाखाली उभे असलेले वडील त्याला दिसले.

तो थांबला. बोचकं त्याने हळूच खाली ठेवलं आणि वाट पाहत उभा राहिला.

“कोणाचा रे हा?” बाबांनी हाक दिली.

एकच शब्द होता. दिगंबररावांच्या तोंडात आलाही होता. त्यांना धावत जावंसं वाटत होतं, पोराला पोटाशी धरावंसं वाटत होतं, वरच्या खोलीचं सांगावंसं वाटत होतं... पण हवालदाराने त्यांना ओळखलं. आडनाव जुळताच त्याने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खाडकन सलाम ठोकला.

“साहेब, आपण... यांना घ्यायला?”

“मी?” दिगंबररावांची मान आपोआप ताठ झाली. जन्मभराची सवय. “मी समितीच्या कामासाठी आलोय.”

आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. रस्त्यापलीकडेही ऐकू गेला असेल.

अमेयने फक्त मान हलवली, बरोबर आहे म्हटल्यासारखी.

...

बाबा थांबले. बराच वेळ थांबले. तांब्या हातात धरून ते साहेबांकडे बघत राहिले. साहेब जमिनीकडे बघत होते.

“माझा,” शेवटी बाबाच म्हणाले.

अमेय तकियाशी आला, वडिलांपासून हातभर अंतरावर. ओंजळ धरून पाणी प्यायला. त्याच्या मनगटावरचा जुना व्रण दिगंबररावांना दिसला. लहानपणी गच्चीवर पतंग उडवताना पडला होता, तेव्हा त्याला उचलून दवाखान्यात तेच धावले होते. चप्पलसुद्धा घातली नव्हती पायात.

“आमचा आहे, आमचा!” जीपकडून आवाज आला.

किसनभाऊ जवळ आला. त्याने काही विचारलं नाही, कुठल्या कलमाखाली होतास वगैरे. फक्त खाली वाकला आणि बोचकं उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

“दमला असशील,” तो म्हणाला. “चल.”

अमेय क्षणभर घुटमळला. त्या क्षणात अजूनही सगळं करता येण्यासारखं होतं. ते त्याला ठाऊक होतं, दिगंबररावांना ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं. मग तो किसनभाऊच्या मागोमाग गेला. वळून पाहिलं नाही.

जीप सुरू झाली. कोपऱ्यावर वळली. तिचा आवाज काही वेळ येत राहिला, मग तोही येईना.

हवालदाराने दरवाजा लावून घेतला.

दिगंबरराव रस्त्यावर आले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे कोणीच नव्हतं. परत आले तेव्हा चष्मा हातात होता. सरकारी गाडीचा ड्रायव्हर दार उघडून उभा होता. त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“माझा,” ते म्हणाले. “बाबा, माझा आहे तो. माझा मुलगा आहे. माझा...”

शेवटी त्यांचा आवाज फुटला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

लतीफबाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्कळ वेळ तो तसाच राहू दिला.

“ऐकू आलं, साहेब,” ते म्हणाले. “पण आज सुटून मी नव्हतो आलो.”