चेअरमनसाहेबांचं निर्जंतुक दही

वसतिगृहातल्या मुली दही खाऊन आजारी पडल्या, तेव्हा दूध संघाचे चेअरमन बाजीराव खराडे स्वतःच दह्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले. तपासणी झाली आणि ते मुलींच्या पालकांसमोर गरजले, "बघा! आमच्या दह्यात एकही जंतू सापडला नाही. मॅडम, दही चांगलं असल्याचा दाखला आत्ताच्या आत्ता द्या!"

तपासनीस मृणाल दाभाडे म्हणाल्या, "देते की! फक्त याच दह्याचं विरजण दुधाला लावू. सकाळी दही लागलं, की सही करते."

"लावा, लावा! संघाचं दही आहे ते!"

सकाळी सगळ्यांदेखत झाकण काढलं. दूध कालच्यासारखंच पातळ! शेजारच्या पातेल्यात त्याच दुधाला लावलेलं मृणालबाईंच्या घरच्या विरजणाचं दही मात्र घट्ट लागलं होतं.

"साहेब, दही लागतं तेच जंतूंमुळे," मृणालबाई म्हणाल्या. "वाईट जंतू मारायला तुम्ही नमुन्यात औषध ओतलंत, त्यात दही लावणारे चांगलेही मेले."

चेअरमनसाहेबांनी हळूच विचारलं, "मग... दाखला?"

"लिहिते ना. यात एकही जंतू नाही, म्हणून हे दहीच नाही! आता गाडी काढा. डेअरीतला नमुना मी माझ्या हाताने घेणार आहे."